थैली आणि सनद



आपल्या तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस बाजार भरतो. आपण तेथे धान्य, भाजीपाला, कोंबड्या घेऊन जाता, आणि मीठमिरची, कापडचोपड घेऊन दिवेलागणीला घरी परतता. या बाजाराचे आणि कायदे करणाऱ्या विधानसभेचे काही नाते आहे असे कोणी म्हटले, तर आपण हसाल. कुठे तो धुळीतला बाजार आणि कुठे ते विधानभवन! पण युरोपच्या इतिहासात असे नाते आहे, आणि ते दूरचे नाही, अगदी सख्खे आहे. त्याचीच हकीकत आज मी सांगणार आहे.

हा विषय मला सुचला तो एका विद्यार्थ्यामुळे. इंग्लंडचा इतिहास शिकवताना मी फळ्यावर सनावळी लिहीत होतो : १२१५ साली राजा जॉनने मोठी सनद दिली, १२६५ साली नगरांचे प्रतिनिधी बोलावले गेले, १२९५ साली पहिल्या एडवर्डने पार्लमेंट भरविले. खेड्यातून आलेला, मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, राजानं दिलं, राजानं बोलावलं, असं पुस्तकात लिहिलंय. पण राजाला त्याचं काय पडलं होतं? हातातली सत्ता कुणी आपण होऊन सोडतं का?" मी काहीतरी उत्तर दिले, तेवढ्यात घंटा झाली. पण ते उत्तर पुरे नव्हते हे त्यालाही कळले आणि मलाही. ते आज पुरे करावे म्हणतो.

चला तर, सुमारे हजार वर्षे मागे जाऊ. इसवी सन १०००च्या आसपासचा पश्चिम युरोप डोळ्यांसमोर आणा. रोमचे साम्राज्य मोडून पाचशे वर्षे होऊन गेलेली. जुनी मोठी नगरे पडीक झालेली. रस्ते उखडलेले. जिकडे तिकडे रान, आणि रानाच्या मध्ये लहान लहान खेडी. प्रत्येक खेड्यावर कोणी ना कोणी सरंजामदार. त्याची गढी उंचावर, आणि खाली कुणब्यांची खोपटी. या कुणब्यांपैकी पुष्कळजण भूदास होते. म्हणजे गुलामासारखे त्यांना बाजारात उभे करून विकत नसत, पण जमीन सोडून जाण्याची त्यांना मोकळीक नव्हती. आठवड्यातले ठरलेले दिवस मालकाच्या शेतात वेठ करायची. धान्य दळायचे तर मालकाच्याच पाणचक्कीवर, आणि दळणाचा वाटा त्याला द्यायचा. मुलीचे लग्न करायचे तर मालकाची परवानगी घ्यायची आणि तिच्यासाठी पैसे मोजायचे. घरचा कर्ता मेला, की गोठ्यातले सर्वांत चांगले जनावर मालकाकडे जायचे. दुःखाच्या घरातून बैल सोडून नेणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

या मुलखात पुढची दोनतीनशे वर्षे हळूहळू एक पालट होत गेला, आणि तो सुरू झाला शेतात. जड, ओल्या मातीत खोलवर जाणारा मोठा नांगर सर्वत्र पसरला. घोड्याच्या मानेऐवजी खांद्यावर जोर येईल असे जू निघाले, त्यामुळे घोडाही नांगराला चालू लागला. जमिनीचे दोन भाग करून अर्धी पड ठेवण्याऐवजी पुष्कळ ठिकाणी तीन भाग करू लागले, आणि एक तृतीयांशच पड राहू लागली. रान तोडून नवी शेते निघाली. खाऊनपिऊन चार दाणे उरू लागले. उरले म्हणजे विकायचे, आणि विकायचे म्हणजे बाजार हवा.

बाजार भरू लागले ते गढीच्या तटाखाली, मठाच्या दाराशी, नदीच्या उताराशी. फिरते व्यापारी तेथे पावसाळी रात्र काढीत. पुढे घरे बांधून राहू लागले. मागोमाग लोहार, विणकर, चांभार, पाव भाजणारा आला. वस्तीभोवती कूस पडले, कुसाचा तट झाला. तटबंद जागेला त्यांच्या भाषांत 'बुर्ग', 'बरो' असे शब्द होते, म्हणून तटाच्या आत राहणारा तो 'बर्जेस', नगरवासी. फ्रान्समधल्या शाम्पेन प्रांतात तर चार गावांत मिळून वर्षातून सहा मोठ्या जत्रा भरत. फ्लँडर्सचे लोकरीचे कापड आणि इटलीहून आलेले मसाले, रेशीम यांची तेथे देवघेव होई. शाम्पेनचा सरदार वाटेवर व्यापाऱ्यांना संरक्षण देई आणि त्या बदल्यात जकात घेई. व्यापारी लुटला गेला तर उद्या जत्रा भरणार नाही, हे त्याला उमगले होते. तेरावे शतक सरेपर्यंत या जत्रांचा युरोपभर बोलबाला होता.

मात्र ही नगरे म्हणजे आपल्या आजच्या शहरांसारखी अफाट नव्हेत. बहुतेकांची वस्ती दोनपाच हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या खेड्याएवढीच. पण खेड्यात आणि नगरात एक फरक होता. नगरातल्या माणसाची कमाई जमिनीतून येत नव्हती, ती रोख पैशातून येत होती. आणि ज्याच्या हाती रोख पैसा येतो, तो हिशेब विचारू लागतो.

या नगरवासीयांना हवे तरी काय होते? 'लोकशाही' हा शब्द त्यांच्या ओठांवर नव्हता. त्यांच्या मागण्या अगदी साध्या, संसारी माणसाच्या होत्या. कर घ्या, पण किती ते आधी ठरवा आणि वर्षातून एकदाच घ्या. दंड करा, पण नियमाने करा. आमच्या व्यापाराचे तंटे समजणाऱ्या माणसांपुढे चालवा. घर विकण्याची, मुलीचे लग्न ठरविण्याची मोकळीक द्या. हे सर्व तोंडी नको. कागदावर लिहा, मोहोर लावा. या कागदाला आपण सनद म्हणू.

अशा सनदांतून एक विलक्षण रिवाज पडत गेला. इंग्लंडातल्या न्यूकॅसल नगराचे, राजा पहिल्या हेन्रीच्या काळचे, म्हणजे बाराव्या शतकाच्या आरंभीचे नियम उपलब्ध आहेत. त्यांत म्हटले आहे, की एखादा भूदास नगरात येऊन एक वर्ष आणि एक दिवस नगरवासी म्हणून राहिला, तर तो पुढे तेथेच राहू शकतो. असाच नियम युरोपातल्या पुष्कळ नगरांनी मिळविला. रानावनातून लपतछपत आलेल्या एखाद्या तरुण कुणब्याची कल्पना करा. तीनशे पासष्ट दिवस तो मालकाच्या माणसांना चुकवीत काम करतो आहे, आणि तीनशे सहासष्टाव्या दिवशी सकाळी उठून ताठ मानेने बाजारात जातो आहे! जात्याची घरघर तीच, रस्त्यावरचा चिखलही तोच. पण माणूस मोकळा झाला.

आता आपण म्हणाल, की सरंजामदारांनी हे सर्व सुखासुखी दिले का? नाही हो! येथे त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते. उत्तर फ्रान्समधल्या लाँ नावाच्या नगरात ऐकू या.

लाँ हे टेकडीवर वसलेले नगर. त्याचा धनी होता तेथला बिशप, म्हणजे मोठा धर्माधिकारी, नाव गोद्री. बाराव्या शतकाच्या आरंभी हा बिशप एकदा इंग्लंडला गेला होता. मागे राहिलेल्या धर्माधिकाऱ्यांना आणि सरदारांना पैशाची नड होती. नगरवासीयांनी पुष्कळ पैसा मोजून त्यांच्याकडून 'कम्यून' विकत घेतले. कम्यून म्हणजे सर्वांनी मिळून शपथ घेऊन उभारलेला नगरसंघ. यापुढे भूदासाने आपला कर वर्षातून एकदाच द्यावा, अपराधाचा दंड कायद्याने ठरेल तेवढाच असावा, बाकीची उकळपट्टी बंद, असा तो करार. बिशप परत आला तो संतापलेला. मग त्यालाही पैसे दिले. त्याने कम्यून मानण्याची शपथ घेतली. राजा सहावा लुई यालाही पैसे पोचले, त्यानेही मान्यता दिली.

हा वृत्तांत आपल्याला मिळतो तो गिबेर नावाच्या एका समकालीन मठाधिपतीकडून. गिबेर काही नगरवासीयांचा कैवारी नव्हता. 'कम्यून' हा शब्दच त्याला नवा आणि ओंगळ वाटे. म्हणून तर त्याची साक्ष जास्त मोलाची.

पुढे काय झाले? शपथ घेणे सोपे, पाळणे अवघड. १११२ साली ईस्टरच्या सणाच्या सुमारास बिशपने राजाला बोलावून कम्यून मोडण्याचा घाट घातला. नगरवासीयांनी कम्यून राखण्यासाठी राजाला चारशे पौंड देऊ केले. बिशपने मोडण्यासाठी सातशे कबूल केले. राजाने सातशेकडे कौल दिला. आणि हे सातशे बिशप आणणार कोठून? त्याच नगरवासीयांकडून! कम्यून उभारायला ज्याने जेवढे दिले, तेवढेच त्याने ते मोडायला द्यावे, असा बेत कळला. राजा पहाटेच निघून गेला. दुकाने बंद झाली. थोड्याच दिवसांत 'कम्यून! कम्यून!' असा घोष करीत लोक बिशपच्या वाड्यावर चालून गेले. चाकराचे कपडे घालून बिशप तळघरातल्या एका पिंपात लपला होता. तेथून त्याला ओढून बाहेर काढले आणि कुऱ्हाडीने मारले. वाड्याला, घरांना आग लागली, तीत मोठे प्रार्थनामंदिरही सापडले. मग राजाच्या भीतीने नगरातले लोक पळाले, आणि ओस पडलेले घरदार लुटायला आसपासच्या खेड्यांतले लोक धावले.

ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी नाही. खून तो खूनच. पण तीतून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. पहिली, सोळा वर्षांनंतर, ११२८ साली, त्याच राजाने लाँला सनद दिली. 'कम्यून' हा शब्द तीत वगळला, 'शांततेची व्यवस्था' असे नाव दिले. पण देणे भाग पडले. दुसरी, खेडे आणि नगर यांच्यात तट उभा होता तो नुसता दगडांचा नव्हे. ज्या खेड्यांतून नगरातली माणसे आली होती, तीच खेडी नगर जळताना लुटीला आली. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला तिची गरज लागणार आहे.

इटलीत याहून मोठा सामना झाला. तेथल्या मिलान वगैरे नगरांनी आपले कारभारी आपण निवडायला केव्हाच सुरुवात केली होती. जर्मनीचा सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याला ते खपले नाही. ११६२ साली त्याने मिलान जमीनदोस्त केले. पण ११६७ साली उत्तर इटलीतली नगरे एकत्र आली आणि त्यांनी मिलान पुन्हा उभारले. ११७६ साली लेन्यानो येथे लढाई झाली. मिलानच्या सैन्याच्या मध्यभागी बैलांनी ओढलेला एक मोठा गाडा असे, त्यावर नगराचे निशाण. गाडा शत्रूच्या हाती जाऊ द्यायचा नाही, अशी सर्वांची प्रतिज्ञा. विणकर, लोहार, दुकानदार त्या बैलगाड्याभोवती पाय रोवून उभे राहिले आणि सम्राटाचे घोडदळ मागे हटले. ११८३ साली सम्राटाने तह करून त्यांचा कारभारी निवडण्याचा आणि तट बांधण्याचा हक्क मान्य केला.

परंतु लढाई क्वचितच व्हायची. बहुतेक सनदा पैसे मोजूनच आल्या. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११८९ साली गादीवर बसला. त्याला धर्मयुद्धावर जायचे होते, म्हणून त्याने पैसा उभारण्यासाठी अधिकाराच्या जागा विकल्या आणि सनदाही विकल्या. राजाला हवी थैली, नगराला हवी सनद. असा हा सौदा.

आता या नगरांत चाले काय, ते पाहू. कारण मला वाटते, खरी शाळा तेथेच भरत होती. सर्वांनी एकत्र येऊन शपथ घ्यायची, की एकमेकांच्या अडचणीला धावून जाऊ. कारभारी ठराविक मुदतीसाठी, पुष्कळ ठिकाणी वर्षासाठी, निवडायचे. मुदत संपली की त्यांनी जमाखर्च दाखवायचा. नगराची स्वतःची मोहोर, स्वतःची घंटा. आग लागली, शत्रू आला किंवा सभा भरली, की घंटा व्हायची. फ्लँडर्समध्ये या घंटेसाठी उंच मनोरे बांधले. ब्रूज नगरातल्या मनोऱ्यातच नगराचा खजिना आणि सनदा ठेवलेल्या असत. नगराच्या पेटीला एकाहून अधिक कुलुपे लावण्याची आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे ठेवण्याची पद्धतही पडली होती. या पेटीत मोठे शहाणपण आहे. माणूस वाईट आहे असे त्यांना म्हणायचे नव्हते. पण एकट्याच्या हाती किल्ली देऊ नये, एवढे ते जाणून होते.

येथवर झाली एकेका नगराची गोष्ट. यातून सबंध देशाची सभा कशी निघाली?

राजांचा खर्च वाढत चालला होता. लढाया महाग झाल्या होत्या. खाजगी जमिनीचे उत्पन्न पुरेना. तेव्हा ज्यांच्याकडे रोख पैसा होता, त्या नगरांकडे राजाची नजर वळली. नगरे डझनांनी, प्रत्येकाशी वेगळा सौदा कोण करणार? त्यापेक्षा त्यांचीच चार माणसे एका जागी बोलवावी. स्पेनमधल्या लेओन राज्यात नववा आल्फोन्सो तरुणपणीच गादीवर आला आणि त्याने ११८८ साली सभा भरविली. बिशप आणि सरदार तर होतेच, पण नगरांतून निवडून आलेले नागरिकही होते. सर्वांच्या सल्ल्यावाचून युद्ध किंवा तह करणार नाही, असे वचन राजाने तेथे दिले. युरोपातल्या संसदीय पद्धतीचा सर्वांत जुना लेखी पुरावा म्हणून या सभेच्या कागदपत्रांना युनेस्कोने २०१३ साली मान्यता दिली आहे.

इंग्लंडात १२१५च्या मे महिन्यात लंडनच्या नागरिकांनी बंडखोर सरदारांना नगराचे दरवाजे उघडून दिले. राजा जॉनचे बळ त्यामुळे खचले, आणि जूनमध्ये थेम्स नदीकाठच्या रनिमीड येथे त्याने मोठी सनद मान्य केली. ती पाळली जाते की नाही हे पाहायला पंचवीस जण नेमले, त्यांत लंडनचा मेयर होता. चोवीस सरदारांच्या पंक्तीला एक नगरवासी! काही आठवड्यांतच ही सनद पोपने रद्द ठरविली. पण पुढच्या राजाने, तिसऱ्या हेन्रीने, १२२५ साली ती पुन्हा दिली. फुकट नव्हे; लोकांच्या जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर म्हणून घेऊन दिली. पुन्हा तेच, थैली आणि सनद.

याच हेन्रीविरुद्ध सायमन द माँफर्ट हा सरदार उठला. १२६४ साली त्याने राजाला लढाईत पकडले. सरदारांत त्याला पाठिंबा थोडा होता, म्हणून १२६५च्या जानेवारीत त्याने जी सभा भरविली, तीत प्रत्येक परगण्यातून दोन नाइट आणि नगरांतूनही दोन दोन माणसे बोलाविली. नाइट म्हणजे परगण्यातले लहान जमीनदार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये युवराज एडवर्डने सायमनला इव्हशॅम येथे गाठले आणि सायमन लढाईत मारला गेला. पण गंमत पाहा! तोच एडवर्ड राजा झाला आणि लढायांपायी पैशाच्या अडचणीत आला, तेव्हा १२९५ साली त्याने सायमनचीच युक्ती वापरली : प्रत्येक परगण्यातून दोन नाइट, प्रत्येक नगरातून दोन नगरवासी.

राजाच्या बोलावण्यात एक अट असे, तिकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. येणाऱ्या माणसाने आपल्या लोकांकडून पूर्ण अधिकार घेऊन यावे. आपल्या भाषेत सांगायचे तर मुखत्यारपत्र घेऊन यावे. जमिनीच्या व्यवहारात मुखत्याराची सही झाली की मालकाला 'मी नाही म्हटलं होतं' असे म्हणता येत नाही. राजाला तेच हवे होते. प्रतिनिधीने कराला होकार दिला की सगळे नगर बांधले गेले. म्हणजे प्रतिनिधी ही मुळात राजाची सोय होती. लोकांना तर ती ब्याद वाटे. नगराच्या प्रतिनिधीला दिवसाला दोन शिलिंग भत्ता नगराने द्यायचा असा पुढे दर पडला. हा कुशल सुताराच्या रोजाच्या कित्येक पट होता. म्हणून डेव्हन परगण्यातल्या टॉरिंग्टन या गावाने 'आमच्यावर हा भार नको' असा अर्ज करून तिसऱ्या एडवर्डकडून सूटही मिळविली. ज्या हक्कासाठी पुढे माणसांनी तुरुंग पाहिले, तो नको म्हणणारीही माणसे होती.

पण सोय राजाची असली, तरी सभेत जमलेल्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपल्या होकाराची राजाला गरज आहे. ज्याची गरज आहे त्याची किंमत आहे. १२९४ पासून एडवर्डने लोकरीच्या प्रत्येक मोठ्या पोत्यावर चाळीस शिलिंग जकात बसविली होती. लोक तिला 'वाईट जकात' म्हणत. भरायचे व्यापाऱ्यांनी, पण त्यांनी तेवढा भाव मेंढ्या पाळणाऱ्यांना कमी दिला, म्हणजे भार पडला खेड्यावर. १२९७ साली राजा फ्लँडर्सच्या मोहिमेत गुंतलेला असताना देशात असंतोष भडकला आणि राजाला कबूल करावे लागले, की ही जकात रद्द, आणि असे कर यापुढे सर्वांच्या संमतीवाचून घेतले जाणार नाहीत. पुढे रीतच पडत गेली. राजाने पैसा मागायचा आणि सभेने म्हणायचे, "देऊ महाराज, पण आधी आमची गाऱ्हाणी ऐका." गाऱ्हाण्याचे अर्ज झाले, अर्जांचे कायदे झाले. १४०७ साली चौथ्या हेन्रीने मान्य केले, की पैसा मंजूर करण्याची सुरुवात लोकांच्या सभागृहातच व्हावी.

अशा सभा फ्रान्समध्येही होत्या. चौथ्या फिलिपने १३०२ साली पॅरिसला धर्माधिकारी, सरदार आणि नगरवासी यांची सभा भरविली. मग तेथे पार्लमेंट का वाढले नाही? कारणे पुष्कळ आहेत, पण एक मोठे कारण बसण्याच्या जागेत आहे. फ्रान्समध्ये तीन वर्ग तीन ठिकाणी बसत. सरदारांना मुख्य कर माफ होता; मग नगरवासीयांवर कर वाढला तर त्यांचे काय जात होते? पंधराव्या शतकात राजाने संमतीवाचून कायमचा कर बसविला, आणि १६१४ नंतर ही सभा १७८९ पर्यंत भरलीच नाही. त्या १७८९ साली काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

इंग्लंडात मात्र चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत परगण्यांचे नाइट आणि नगरांचे प्रतिनिधी एका सभागृहात एकत्र बसू लागले होते. एक जमीन कसवून घेणारा, दुसरा दुकान चालविणारा. एकाची लोकर, दुसऱ्याचा व्यापार. कर दोघांच्याही पाठीवर. लाँ जळत असताना खेडे लुटीला गेले होते. येथे खेडे आणि नगर एका बाकावर बसले. राजाला दोघांना वेगळे काढता आले नाही, आणि म्हणूनच ती सभा टिकली.

आता या चित्राची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. त्या बाकावर सगळेच नव्हते. नगरांचा कारभार बहुधा थोड्या श्रीमंत घराण्यांच्या हाती गेला. कारागिरांच्या श्रेणींनी धंद्याचे रक्षण केले, पण नव्या माणसाला दारही लावून घेतले. रोजंदारीवरच्या मजुराला, बाईला मत नव्हते. ज्यूंना नगरे जवळ करीत नसत. १३७८ साली फ्लोरेन्समधल्या लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी आणि १३८१ साली इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी बंड केले, ते उगीच नव्हे. इंग्लंडात १४३० साली कायदा झाला, की परगण्यात मत त्यालाच, ज्याच्या मालकीच्या जमिनीचे उत्पन्न वर्षाला चाळीस शिलिंग आहे. तेथल्या स्त्रियांना पार्लमेंटसाठी पहिले मत मिळायला १९१८ साल उजाडावे लागले, आणि तेही तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांनाच. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेतमजुराला आणि त्याच्या बायकोला एकदमच मत मिळाले. आपण ते फार स्वस्तात मिळविले असे नव्हे. पण ज्या वाटेने युरोप शतकानुशतके चालला, तिचे पुष्कळसे अंतर आपल्या मतदाराने एका दिवसात ओलांडले, हे खरे.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. हा धडा शिकवताना '१२१५ साली राजाने सनद दिली' एवढेच फळ्यावर लिहून थांबू नका. शेजारी एक प्रश्न लिहा : राजाला त्या वेळी काय हवे होते? मुलांना बाजारातला सौदा कळतो. बैल विकताना घासाघीस कशी होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. त्याच खुणेने त्याला पार्लमेंट समजेल. माझ्या त्या विद्यार्थ्याला ते आधीच समजले होते. उशीर माझ्याकडून झाला.

आणि आता पुन्हा आपल्या विधानसभेकडे येऊ. आपल्या राज्यात दोन सभागृहे आहेत, विधानसभा आणि विधानपरिषद. पण धनविधेयक, म्हणजे कराचे आणि सरकारी पैशाचे विधेयक, प्रथम मांडता येते ते लोकांनी थेट निवडलेल्या विधानसभेतच, परिषदेत नाही. दिल्लीत लोकसभेचे आणि राज्यसभेचे तसेच. आपल्या राज्यघटनेतल्या या नियमाची वाट मागे मागे शोधत गेलात, तर ती १४०७च्या त्या मान्यतेपाशी, लोकरीच्या पोत्यापाशी आणि तटाखाली भरलेल्या बाजारापाशी जाऊन पोचते.

आपण घरपट्टी भरता, पाणीपट्टी भरता. ग्रामसभेची दवंडी होते. 'आपल्याला काय करायचंय, भरू दे सभा', असे म्हणून आपण घरी बसतो. टॉरिंग्टनचे लोकही असेच म्हणाले होते. पण मुखत्यारपत्र तर आपण दिलेले असते. मतपेटीत ते टाकून आलेलो असतो. मुखत्याराने आपल्या नावाने काय लिहून दिले, हे न विचारणारा मालक शहाणा म्हणायचा का? पेटीला अनेक कुलुपे लावणारी ती जुनी माणसे काही मोठी विद्वान नव्हती. विणकर होती, खाटीक होती, दुकानदार होती. त्यांना एवढेच कळत होते, की पट्टी ज्याने दिली त्याने हिशेब पाहावा, आणि एकट्याने नव्हे, सर्वांनी मिळून पाहावा.

पुढच्या ग्रामसभेला जाल, तेव्हा जमाखर्चाची वही मागून घ्या. सातआठशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसांची ओळख आपल्याला तेथे पटेल.